क्लचबाई गप्प होतात तेव्हा

रविवार उजाडला की मावशींच्या स्वयंपाकघरात तिघं जमायची आणि पाव भाजायची. पावाची टंचाई होती असं मुळीच नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत तो रोज मिळायचा, आणि खरं सांगायचं तर यांच्या पावापेक्षा देखणाही असायचा. पण विकतचा पाव पिशवीत पडला की विषय संपला. घरच्या पावाचं तसं नसतं. आधी पीठ भिजवा, मग मळा, मग ते फुगेपर्यंत बसून राहा, मग आकार द्या आणि पुन्हा बसून राहा. या बसून राहण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

मावशी म्हणजे लॉन्ड्रीवाल्या मावशी. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात घालवला होता. दुकान आता दुसऱ्याच्या हाती गेलं होतं, पण मनगटांतला जोर शिल्लक होता, त्यामुळे मळण्याचं काम त्यांचं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. वयाने मावशींपेक्षा मोठे, तरी सगळ्या गल्लीबरोबर तेही त्यांना ‘मावशी’च म्हणायचे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. मोजमाप सगळं मास्तरांकडे. वाटीतलं पीठ ते सुरीच्या पाठीने इतकं सपाट करायचे की क्लचबाई वैतागून म्हणायच्या, “मास्तर, पाव करायचाय, कोट नाही शिवायचा.”

या क्लचबाई मावशींच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. त्या गाडी चालवायला शिकवायच्या. ‘क्लच दाबा! अहो, क्लच!’ ही त्यांची आरोळी निम्म्या शहराच्या कानात बसलेली होती आणि तेच नाव त्यांना चिकटलं होतं. पावाच्या कामात त्यांचा उपयोग शून्य. त्या बोलायच्या. शिकाऊ लोकांनी कुठे गाडी घातली, कोण रडलं, कोणाच्या घरात काय शिजतंय, सगळं. तोंडात तीळ भिजत नसे त्यांच्या. पण त्यांच्याशिवाय पीठ फुगतच नाही असं मास्तर म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ओव्हन मात्र या तिघांहून म्हातारा. गॅसवरचा, बंद पडलेल्या एका हॉटेलातून आणलेला. त्याच्या बटणावरचे आकडे कधीच पुसले गेले होते आणि दाराची काच आतून इतकी काळी झाली होती की पाव तांबूस झाला की पांढराच आहे हे दिसायचं नाही. दार उघडून बघावं तर पाव बसतो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडून पडून शेवटी काढून टाकलं होतं. पण कुणाचं काही अडत नव्हतं, कारण मावशींचं नाक होतं. कापड करपायच्या आधी, अगदी करपण्याचा विचार करत असतानाच, त्यांना त्याचा वास लागायचा. तेच नाक आता पावाला लागलं होतं. गप्पा ऐन रंगात आलेल्या असताना मावशी मान वर करायच्या आणि म्हणायच्या, “काढा!” मास्तर काढायचे, आणि पाव हवा तसा झालेला असायचा. ‘काढा’ म्हणायचा हक्क फक्त मावशींचा, हा त्या स्वयंपाकघराचा कायदा होता.

आणि तेच नाक गेलं.

मोठा ताप आला होता. ताप उतरला, अंगात जोर आला, आणि एके दिवशी मावशींनी गरम कपड्यांचं कपाट उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा वास येईना. एक गोळी त्यांनी नाकाशी धरली. काही नाही. साबण हुंगला, कांदा चिरून हुंगला, शेवटी मास्तरांनी शिवून दिलेल्या लवंगांच्या पिशवीत नाक खुपसलं. सगळीकडे एकच, कोरं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार. मावशी घरी आल्या आणि त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

न सांगण्याचं कारण म्हणजे त्यांचा मुलगा. चाळिशी ओलांडलेला, कानशिलांवर पांढरे केस आलेला हा माणूस त्यांच्या तोंडी अजून ‘बाळ्या’च होता. तो लिफ्टची तपासणी करायचा. रोज लोखंडी दोर आणि ब्रेक बघून बघून त्याला जगात जिथे तिथे काहीतरी तुटायच्या बेतात आहे असं दिसायचं. मध्यंतरी तो घरी आला तेव्हा जिन्यापर्यंत धूर होता. दूध आटून, करपून, भांडं कोळसा झालं होतं आणि मावशी पलीकडच्या खोलीत शांतपणे बटणं लावत बसल्या होत्या. “सर्दी झालीय रे, नाक बंद आहे,” त्यांनी ठोकून दिलं. बाळ्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, “आई, आणखी एकदा असं काही झालं तर मी तुला इथे एकटी ठेवणार नाही. खोली तयार आहे तुझी.”

खोली खरंच तयार होती. बाराव्या मजल्यावर, उजेडाची. सुनेने हौसेने पडदे लावले होते. दुष्ट मुलाशी भांडता येतं हो, चांगल्या मुलाचं काय करायचं? त्या खोलीत सगळं होतं, फक्त रविवार नव्हता. हाताला पीठ लागलेलं असताना ज्यांच्यासमोर नाक पुसायला ओशाळं वाटत नाही अशी माणसं बाराव्या मजल्यावर मिळत नाहीत, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. क्लचबाईंना सांगावं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. मास्तरांना सांगावं तर ते घाबरून स्वतःच बाळ्याला फोन लावणार. म्हणून मावशी गप्प बसल्या.

पण ‘काढा’ कधी म्हणायचं? पहिल्याच रविवारी मावशी पेचात पडल्या. पाव ओव्हनमध्ये, त्या खुर्चीवर, आणि नाक असून नसल्यासारखं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की क्लचबाई बोलता बोलता थांबल्या. अशा मध्येच, वाक्य अर्धं टाकून. ज्या बाई घास गिळतानाही थांबत नाहीत, त्या थांबल्या म्हणजे काहीतरी झालं. वास! दुसरं काय? मावशी म्हणाल्या, “काढा!” मास्तरांनी काढला, आणि पाव झाला होता. जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून मावशींना गुरुकिल्लीच सापडली. दर रविवारी त्या कान देऊन बसायच्या. क्लचबाई गप्प झाल्या, की ‘काढा’. आपल्या हुशारीवर त्या इतक्या खूश होत्या की अधूनमधून पाव चांगला झाल्याबद्दल स्वतःच्या नाकाला शाबासकीही द्यायच्या.

मैत्रिणीला आणि मास्तरांना काहीतरी झालंय असं मात्र त्यांना हल्ली वाटायला लागलं होतं. मास्तर रोज संध्याकाळी खाली यायचे. कधी वाटीभर साखर, कधी काडेपेटी. घेऊन निमूट जावं ना? तर नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरून ओट्यापाशी जरा घुटमळायचे. एकटेपणा खायला उठतो बिचाऱ्यांना, मावशी मनात म्हणायच्या. आणि क्लचबाईंना तहानेचा आजार जडला होता. रोज सकाळी त्यांची शिकवणीची गाडी मावशींच्या दारात थांबायची, कोणीतरी शिकाऊ घामाघूम होऊन गाडी मागे घेत बसायचा आणि त्या आत येऊन उभ्या उभ्या पाणी प्यायच्या. “अगं, डॉक्टरला दाखव एकदा,” मावशी काळजीने सांगायच्या. “एवढं पाणी बरं नव्हे.”

असं सगळं चाललं होतं, आणि एका रविवारी बाळ्या न सांगता आला.

पाव नुकताच ओव्हनमध्ये गेला होता. मावशींना मुलाला बघून आनंद झाला आणि त्याच क्षणी त्यांची नजर ओव्हनकडे गेली. आज चुकून चालणार नव्हतं. आज हा समोर बसणार, बघणार, आणि हा तर बघण्याचाच पगार घेतो.

“ये, बस. गरम पाव खाऊनच जा,” त्या म्हणाल्या आणि उगाच भांडी घासायला वळल्या. नळ सोडला. पाठ सगळ्यांकडे, कान मात्र क्लचबाईंकडे.

क्लचबाईंना तर नवा श्रोताच मिळाला. “काय रे, गाडी नीट चालवतोस ना? पहिल्या परीक्षेत नापास झाला होता हा, मास्तर. फुटपाथवर घातली होती. आणि परवा एक बाई आल्या शिकायला, हातात स्टिअरिंग धरून डोळे मिटतात. मी म्हटलं, अहो, झोपायचं असेल तर मागच्या सीटवर...”

नळ वाहत होता. क्लचबाईंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मावशी एकच ताट पुन्हा पुन्हा घासत होत्या. बाळ्या खालच्या आवाजात काहीतरी बोलला, ते नळापुढे ऐकू आलं नाही.

आणि क्लचबाई गप्प झाल्या.

एकदम. वाक्याच्या मध्यावर. मावशींनी नळ बंद केला, मान वर केली आणि रुबाबात म्हणाल्या, “काढा!”

मास्तर जागचे हलले नाहीत. “मावशी,” ते चाचरत म्हणाले, “जरा थांबूया का? मला वाटतं, अजून...”

“मास्तर, नाक तुमचं की माझं?”

 मास्तरांनी बिचाऱ्यांनी फडकी घेतली, ओव्हन उघडला आणि साचा टेबलावर ठेवला. पाव पांढराफटक होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो मधोमध खाली बसत गेला आणि त्यावर एक खळगा पडला.

 बाळ्याने पावाकडे बघितलं, मग आईकडे. लिफ्टचा दोर तपासताना तो बघत असेल तसं.

“आई, तुला वास आला होता?”

मावशींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधीच क्लचबाई म्हणाल्या, “आला की! मलासुद्धा आला. चांगला खमंग.”

“मलाही आला,” मास्तर म्हणाले. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणजे, खमंगच.”

मावशी दोघांकडे बघतच राहिल्या. टेबलावर कच्च्या पिठाचा गोळा पडलाय, आंधळ्यालाही कळेल की याला वास कुठून येणार, आणि ही दोन माणसं छातीठोकपणे सांगताहेत की आला. कशासाठी? एकाच गोष्टीसाठी. त्यांना माहीत होतं. दोघांनाही माहीत होतं.

मग मात्र मावशींना लपवण्याचा अगदी कंटाळा आला. त्या खुर्चीवर बसल्या.

“नाही रे बाळ्या. मला वास येत नाही. त्या तापापासून कसलाच येत नाही. दूध करपलं तेव्हाही सर्दी नव्हती.” आणि क्लचबाईंकडे वळून, “तुला केव्हापासून ठाऊक आहे?”

क्लचबाईंनी मान खाली घातली. “तापातून उठल्यावर पहिल्याच रविवारी अक्रोड घातलेला पाव केला होतास, तेव्हापासून. अगं, खवट झाले होते अक्रोड. इतके, की पिशवी उघडल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू ते हुंगून म्हणालीस, छान ताजे आहेत.”

“तू तर तीन तुकडे खाल्लेस!”

“मग काय करू? तू विचारत होतीस, आणखी देऊ का म्हणून.”

“मी चार खाल्ले,” मास्तर हळूच म्हणाले. “मला वाटलं, फक्त मलाच कळलंय.”

आता क्लचबाईंनी चमकून मास्तरांकडे बघितलं. “म्हणजे तुम्हालाही? आणि मी इतके महिने जीव मुठीत धरून बसलेय, की यांना कळू नये!”

“पाव झाला की मी चष्मा काढून पुसतो,” मास्तर म्हणाले. “मावशींना खूण म्हणून. पण त्या कधी माझ्याकडे बघतच नाहीत.”

“आणि मी गप्प होते,” क्लचबाई म्हणाल्या. “तुला काय वाटलं, मला आपोआप गप्प होता येतं? जीव जातो माझा.”

म्हणजे मावशींची ती हुशारी, ती गुरुकिल्ली, सगळी दुसऱ्याने हातात ठेवलेली होती. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही तिने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली, आणि कुणाजवळही, मास्तरांजवळही, बोलली नाही. मावशींना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं, आणि हात ओले असल्यामुळे डोळे खांद्याला पुसावे लागले.

“मग आज कशाला गप्प झालीस, मेले?”

क्लचबाईंनी बाळ्याकडे बोट दाखवलं. “यानेच सांगितलं. म्हणाला, गाडीत खोकी आणलीत. पाव झाला की तुझं सामान भरायचं, आणि मी तुला समजवायचं. माझी वाचाच बसली.”

खोकी. मावशींनी समोरच्या बसक्या पावाकडे बघितलं. आता तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

“मला त्या दिवसापासून झोप नाही, आई,” बाळ्या म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण तो रागाने नव्हे. “हा गॅस. रात्री बटण अर्धवट राहिलं तर? तुला कळणार कसं? सकाळी कोण बघणार?”

“मी,” क्लचबाई म्हणाल्या.

“तुम्ही?”

“रोज सकाळी येते मी. हिला वाटतं पाणी प्यायला. पाणी कसलं, दारात पाऊल टाकलं की आधी हुंगते. सगळ्या शिकाऊ पोरांना गाडी मागे घ्यायला याच गल्लीत शिकवलंय मी. एकाने त्या खांबाला ठोकलीसुद्धा.”

“आणि संध्याकाळी मी,” मास्तर म्हणाले. “साखर न्यायला.” मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते ओशाळले. “साखर तशीच आहे माझ्याकडे, मावशी. डबा भरत आलाय. परत करीन.”

 बाळ्या उठला, ओव्हनपाशी गेला, गॅसची नळी वाकून बघितली, बटण फिरवून बघितलं. सवयच ती. मग पाठमोराच म्हणाला, “लिफ्टला आम्ही दोन ब्रेक बघतो. एक सुटला तर दुसऱ्याने धरावं म्हणून. दोन असले की मी सही करतो.” तो वळला. “इथे दोन होतेच. मीच बघितले नाहीत. मी येतो महिन्यातून एकदा, आणि हे दोघं रोज.”

“तू लांब राहतोस रे,” मावशी म्हणाल्या. त्या अवस्थेतही मुलाची बाजू सावरायची सवय गेली नव्हती.

बाळ्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. नखाने कडी उचकटून त्याने एक किल्ली सोडवली. या घराची होती ती, तो लग्न होऊन गेला तेव्हापासून त्याच्याकडे असलेली. ती त्याने मास्तरांच्या हातात दिली. “काका, ही तुमच्याकडे असू दे. बाराव्या मजल्यावरून मी काय हुंगणार? गॅस सुटला की ओरडणारं यंत्र मिळतं, ते उद्याच आणून बसवतो. तो तिसरा ब्रेक.”

मास्तरांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशावरून हात फिरवून ती तिथे असल्याची खात्री केली.

“आणि ती खोकी?” क्लचबाईंनी विचारलं.

“तुम्हाला द्या हवी तर. ठोकलेल्या खांबाभोवती बांधा.”

क्लचबाई इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावर कोणी असतं तर खाली बघायला आलं असतं. पण वरच्या मजल्यावरचे इथेच होते.

पाव पुन्हा ओव्हनमध्ये गेला. तो आता फुगणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण टाकून देण्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. बाळ्या लहानपणी बसायचा तसा ओव्हनसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. मावशी त्याच्या मागे खुर्चीवर. कोणी गप्प राहून खूण करायची गरज उरली नव्हती, म्हणून क्लचबाईंनी इतक्या महिन्यांची थकबाकी एका दमात बोलून घेतली. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला.

“आला का रे?” मावशींनी विचारलं.

“अजून नाही.”

जरा वेळाने पुन्हा, “आला?”

“पिठाचाच येतोय अजून. थांब.”

मग बाळ्याची पाठ ताठ झाली. त्याने मान वर केली, अगदी मावशी करायच्या तशी, आणि ते बघून मास्तरांना हसू फुटलं.

“आता येतोय.”

“कसा?” मावशी पुढे झुकल्या. “नीट सांग. मला सांग कसा येतोय.”

बाळ्याला असल्या गोष्टी बोलायची सवय नव्हती.  “तू दुकानात इस्त्री करायचीस,” तो शेवटी म्हणाला, “तेव्हा मी टेबलाखाली गाठोड्यांवर झोपायचो. तू कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री टेकवलीस की पहिली वाफ खाली यायची. सुती कपड्याची. गरम आणि जराशी गोडसर. मला झोपेतही कळायचं, आई वरती उभी आहे. तसा येतोय.”

मावशींनी डोळे मिटले. नाकात काहीच आलं नाही, पण ते टेबल आलं, पाण्याचा हबका आला, चर्र झालेला आवाज आला आणि टेबलाखालून बाहेर आलेली दोन लहान पावलं आली, जी त्या चालताना तुडवली जाऊ नयेत म्हणून दिवसभर जपायच्या. एवढं असताना आणखी वास कशाला हवा होता?

क्लचबाई बोलायच्या थांबल्या होत्या. मास्तर फडकी घेऊन उभे होते. बाळ्या काढायला हात पुढे करणार होता, पण तोही थांबला, आणि तिघं मावशींकडे बघत राहिले.

“काढा,” मावशी म्हणाल्या.